हिशेबामागची कारणं मॉडेलमध्ये उतरवताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पातले निर्णय आजपासून इथे लिहायचे, कारणांसकट.

काम असं आहे: लेखांकनाचं ज्ञान यंत्राला वाचता येईल अशा रूपात मांडणं. हिशेब लिहिणं तर केव्हाच संगणकावर गेलं. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं बटण दाबलं की निघतं. पण त्यात साठतो तो शेवटचा निष्कर्ष: खात्याचा क्रमांक, रक्कम, तारीख, नावे की जमा. ही रक्कम याच वर्षाच्या उत्पन्नात का धरली, थोडी पुढच्या वर्षावर का ढकलली, हा विचार एखाद्या अनुभवी लेखापालाच्या डोक्यात असतो आणि तपशिलाच्या रकान्यात "करारानुसार समायोजन" एवढंच उरतं. तो माणूस दुसऱ्या कामावर गेला की विचारही त्याच्याबरोबर जातो. आम्हाला तो विचार जपायचा आहे.

सुरुवात प्रश्नांपासून केली. ग्रुनिंगर आणि फॉक्स यांनी १९९५ च्या सुमारास मांडलेली ही रीत मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटते: ऑन्टोलॉजीने, म्हणजे विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध यांच्या औपचारिक मांडणीने, कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यायची ते आधी लिहून काढा, मग वर्ग आणि संबंध ठरवा. आमच्या यादीतले काही प्रश्न असे. वर्षअखेरीला दायित्व म्हणून दाखवलेली ही रक्कम कोणत्या करारातून आली आणि ती कधी संपेल? या इमारतीवर घसारा का काढला नाही? हा बदल अंदाजातला की चुकीची दुरुस्ती? हा निर्णय कोणी घेतला, तेव्हा त्याच्यासमोर कोणती कागदपत्रं होती?

व्याप्ती: करारांवरचं उत्पन्न, मालसाठा, भाडेकरार, तरतुदी. प्रमाणकं आयएफआरएसची, म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल प्रमाणकांची (त्यांतली जुनी आयएएस या नावाने ओळखली जातात). कर, समूहाचे एकत्रित हिशेब आणि डेरिव्हेटिव्ह्ज सध्या बाहेर.

९ जानेवारी

सुरुवात खात्यांच्या यादीपासून करायची की घटनांपासून, यावर आजचा दिवस गेला. खात्यांची यादी हाताशी आहे, तिला उतरंड आहे, ती जशीच्या तशी वर्ग-उपवर्ग म्हणून उचलता येईल असं प्रोग्रॅमर मंडळींचं म्हणणं. मोह रास्त आहे. पण आमच्या हिशेबतज्ज्ञ मॅडमनी यादीतलं "इतर येणी" हे एकच खातं उघडून दाखवलं. त्यात पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम होती, कर्मचाऱ्याला दिलेलं कर्ज होतं आणि जागेसाठी ठेवलेली अनामत होती. पहिल्यात माल मिळण्याचा हक्क आहे, दुसऱ्यात पैसे मिळण्याचा, तिसऱ्यात अटी पाळल्या तर पैसे परत मिळण्याचा. हिशेबाच्या नियमांनी यांच्याकडे वेगवेगळं पाहावं लागतं: आयएएस ३२ नुसार पहिली रक्कम वित्तीय मालमत्ता ठरतच नाही, कारण तिच्यातून रोकड येणार नाही, माल येणार आहे. खात्याच्या नावात यातलं काहीच दिसत नाही. खातं ही अहवालासाठी बांधलेली मोळी आहे. मोळीवरून लाकूड कोणत्या झाडाचं ते कळत नाही.

म्हणून घटनांपासून सुरुवात.

या विचाराला मोठी परंपरा आहे. पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली, ती कागद, शाई आणि हाताने केलेल्या बेरजा यांना साजेशी होती: घटना एकदा लिहायची, मग तिचं सार खात्यांत चढवायचं. सार चढवताना घटनेचा बराचसा तपशील गळणारच. १९६९ मध्ये जॉर्ज सॉर्टर यांनी म्हटलं की लेखांकनाने घटनाच जपून ठेवाव्यात, बेरजा कशा करायच्या ते वापरणाऱ्याला ठरवू द्यावं. १९७६ मध्ये पीटर चेन यांचं, डेटा वस्तू आणि त्यांचे संबंध अशा रूपात मांडणारं, एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल आलं आणि त्याचा आधार घेऊन विल्यम मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये आरईए मॉडेल प्रसिद्ध केलं: संसाधन, घटना, कर्ता.

१६ जानेवारी

आरईए आमच्या विक्रीच्या व्यवहाराला लावून पाहिलं. माल पोचता केला, ही एक घटना. तिने मालसाठा घटतो. पैसे मिळाले, ही दुसरी. तिने रोकड वाढते. दोन्ही घटनांत दोन कर्ते: देणारा आणि घेणारा. आणि या दोन घटनांना जोडणारा संबंध म्हणजे द्वैत: एक दिलं, त्याबदल्यात दुसरं घेतलं. नावे आणि जमा या मॉडेलमध्ये मुळात नाहीतच. हव्या तेव्हा त्या घटनांवरून काढता येतात. लेखांकन शिकताना नावे-जमापासून सुरुवात केलेल्या माणसाला हे अस्वस्थ करतं, पण मला यात मोठी मोकळीक दिसते. त्याच घटनांवरून गोदामाचा अहवाल निघतो, विक्रेत्याच्या कामगिरीचा निघतो आणि ताळेबंदही निघतो.

खरा वाद पुढे झाला. माल पोचला आणि पैसे अजून आले नाहीत, या मधल्या काळात जे येणं असतं ते मूळ आरईए नुसार वेगळी वस्तू नाही. अर्धवट राहिलेल्या द्वैताची ती वजाबाकी आहे: दिलेल्या मालाची किंमत वजा आलेले पैसे. गणित म्हणून हे सुंदर आहे. मॅडमचा प्रश्न साधा होता: "हे येणं उद्या मी बँकेकडे तारण ठेवलं, तर तुमच्या मॉडेलमध्ये तारण कशाला लावणार? वजाबाकीला?" आयएफआरएस ९ प्रमाणे त्याच येण्यावर अपेक्षित पतहानीही, म्हणजे पैसे बुडण्याचा अंदाजही, पहिल्या दिवसापासून मोजावी लागते. ती हानी माल पोचवण्याच्या घटनेची नाही, पैसे येण्याच्या घटनेची तर नाहीच, कारण ती अजून घडलेली नाही.

२०१८ ची आयएफआरएस संकल्पनात्मक चौकट इथे नेमकी उपयोगी पडली. तिच्यानुसार मालमत्ता म्हणजे मागच्या घटनांमुळे संस्थेच्या नियंत्रणात असलेलं आजचं आर्थिक संसाधन, आणि आर्थिक संसाधन म्हणजे आर्थिक लाभ देण्याची शक्यता असलेला हक्क. हक्क! यंत्र किंवा इमारत ही वस्तू तिथे केंद्रस्थानी नाही. तिच्यावरचा हक्क आहे. दायित्वाची व्याख्याही याच धाटणीची आहे: मागच्या घटनांमुळे आज अंगावर असलेलं, आर्थिक संसाधन दुसऱ्याला देण्याचं बंधन.

निर्णय: मॉडेलच्या गाभ्यात घटनांच्या जोडीला हक्क आणि दायित्व हे स्वतंत्र वर्ग. घटना हक्क निर्माण करते, बदलते, हस्तांतरित करते किंवा संपवते. आरईएचं द्वैत ठेवायचं, पण येणं-देणं वजाबाकीत विरघळू द्यायचं नाही. मालमत्ता, दायित्व, हक्कभाग (मालकांचा हिस्सा), उत्पन्न, खर्च या पाचांपैकी हक्कभाग मात्र वजाबाकीच राहणार, कारण चौकटीतही तो उरलेला हिस्सा म्हणूनच येतो.

२१ जानेवारी

आयएसओ/आयईसी १५९४४-४ वाचून संपवलं. आरईएवर आधारलेलं हे मानक व्यवहाराकडे तटस्थ जागेवरून पाहतं: एकाची विक्री आणि दुसऱ्याची खरेदी ही एकच घटना. आम्हीही घटना तटस्थपणे नोंदवणार आणि "आमच्या बाजूने" हा दृष्टिकोन वेगळ्या थरात ठेवणार. घसाऱ्यासारख्या गोष्टींना समोरची बाजूच नसते. त्यांच्यासाठी "अंतर्गत घटना" असा वेगळा उपवर्ग केला.

२९ जानेवारी

आजचा विषय मला सगळ्यात जवळचा: एखादी गोष्ट काय आहे आणि ती कोणती भूमिका बजावते आहे, यांतला फरक.

ग्वारिनो आणि वेल्टी यांच्या, वर्ग-उपवर्गांची रचना तपासणाऱ्या, ऑन्टोक्लीन पद्धतीत एक कसोटी आहे. माणूस माणूसपण सोडून अस्तित्वात राहू शकत नाही, पण ग्राहक ग्राहकपण सोडून खुशाल राहू शकतो. म्हणून "ग्राहक" हा संस्थेचा प्रकार नाही, संस्थेने घेतलेली भूमिका आहे. बऱ्याच डेटाबेसमध्ये ग्राहकांचं टेबल वेगळं आणि पुरवठादारांचं वेगळं असतं. एकच कंपनी दोन्हीकडे असेल तर ती दोन कंपन्या होऊन बसते. मग आयएएस ३२ मधला प्रश्न, म्हणजे या दोन रकमा एकमेकींतून वजा करून निव्वळ दाखवता येतील का, हा यंत्राला सुचतच नाही. त्यासाठी वजावटीचा कायदेशीर हक्क लागतो आणि निव्वळ भरण्याचा किंवा दोन्ही एकाच वेळी मिटवण्याचा इरादाही लागतो. पण दोन्ही टोकांना एकच कंपनी आहे हे आधी दिसायला तर हवं.

मालमत्तेच्या बाबतीत हे आणखी खोल जातं. एक इमारत घ्या. विकण्यासाठी बांधली तर मालसाठा, आयएएस २. स्वतःचं कार्यालय थाटलं तर स्थिर मालमत्ता, आयएएस १६. भाड्याने देऊन उत्पन्न मिळवायला ठेवली तर गुंतवणुकीची मालमत्ता, आयएएस ४०. विकायची ठरवून तशी वर्गवारी केली की आयएफआरएस ५, आणि त्या दिवसापासून घसारा थांबतो. विटा, सिमेंट, क्षेत्रफळ, काही बदललेलं नाही. बदलली ती संस्थेच्या हातातली तिची भूमिका, आणि भूमिकेबरोबर मोजण्याचा नियम. "मालसाठा" हा वस्तूचा वर्ग केला असता तर भूमिका बदलताना एक वस्तू मारून दुसरी जन्माला घालावी लागली असती आणि तिचा इतिहास तुटला असता.

भूमिका बदलायला पुरावा लागतो, हेही मॉडेलमध्ये हवं. गुंतवणुकीच्या मालमत्तेबाबत व्यवस्थापनाचा नुसता इरादा बदलणं पुरत नाही. वापर प्रत्यक्ष बदलल्याचा पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक भूमिका-बदलाला एक घटना आणि किमान एक पुरावा जोडणं सक्तीचं केलं. "या इमारतीवर घसारा का काढला नाही?" या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाला आता उत्तर मिळतं, तारखेसकट.

६ फेब्रुवारी

काळ. ताळेबंद एका क्षणाचा, नफा-तोटा पत्रक एका कालावधीचं. एवढं प्रत्येकाला ठाऊक असतं. पण घटनेला किती तारखा असतात?

आम्ही तीन ठरवल्या: घडली कधी, आपल्याला कळली कधी, नोंदवली कधी. डेटाबेसच्या दुनियेत पहिली आणि तिसरी नेहमीची आहे. मधली लेखांकनाने आमच्याकडून मागून घेतली. आयएएस १० मधली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की कारण दिसतं. वर्ष संपल्यावर न्यायालयाचा निकाल आला आणि त्यातून ठरलं की वर्षअखेरीला संस्थेवर दायित्व होतंच: परिस्थिती आधीची, माहिती नंतरची, म्हणून आकडे बदलायचे. वर्ष संपल्यावर गोदामाला आग लागली: परिस्थितीच नंतरची, म्हणून आकडे तसेच ठेवायचे आणि नुकसान मोठं असेल तर टिपेत सांगायचं. दोन्ही बातम्या एकाच दिवशी कानावर आल्या असतील, दोन्ही त्याच दिवशी नोंदवल्या असतील. घडण्याची तारीख वेगळी ठेवली नाही तर यंत्राला दोघींत फरक करायला जागाच उरत नाही. शिवाय हा सगळा विचार वित्तीय विवरणं जारी करायला मंजुरी मिळाली त्या तारखेपर्यंतच लागू, म्हणून ती तारीख अहवालाच्या वर्गाला लावली.

एकदा केलेली नोंद खोडायची नाही, उलट नोंद करायची, हा हिशेबनिसांचा जुना नियम आम्ही जसाच्या तसा घेतला. मॉडेलमध्ये कोणतंही विधान पुसलं जात नाही. त्याची वैधता संपते आणि नवं विधान जुन्याकडे बोट दाखवतं. शतकानुशतकं पाळलेली ही शिस्त आजच्या तंत्रज्ञानात इतकी चपखल बसते याचा मला मनापासून आनंद आहे.

१३ फेब्रुवारी

ऑन्टोलॉजीची भाषा म्हणून ओडब्ल्यूएल (वेब ऑन्टोलॉजी लँग्वेज) घेतली आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची ही शिफारस २००४ ची, दुसरी आवृत्ती २००९ ची. वर्गीकरणासाठी ती उत्तम आहे, पण तिचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय हिशेबाला लावणं धोक्याचं. आज प्रोग्रॅमर आणि हिशेबाची मंडळी एका टेबलाशी बसवून हेच दाखवलं.

ओडब्ल्यूएलचं तर्कशास्त्र खुल्या जगाचं आहे. माल पोचल्याची पावती नोंदलेली नाही, एवढ्यावरून माल पोचला नाही असं ती म्हणत नाही. माहिती अजून आली नसेल असं मानते. लेखापरीक्षकाची वृत्ती बरोबर उलटी: पावती नाही तर आधी खूण करा, मग विचारा. दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. "प्रत्येक बिलाला नेमका एक ग्राहक" असा नियम लिहिला आणि एका बिलावर दोन ग्राहक नोंदले, तर माणूस म्हणेल गडबड आहे. ओडब्ल्यूएलचं तर्कयंत्र म्हणेल की ही दोन नावं एकाच ग्राहकाची असणार. दोन ग्राहक वेगळे आहेत हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते कसलीही तक्रार न करता दोघांना एक करून टाकतं. मॅडम काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे असं माझ्या खतावणीत झालं तर?"

म्हणून कामाची वाटणी केली. अर्थ आणि वर्गीकरण ओडब्ल्यूएलकडे. पूर्णता आणि शिस्त यांची तपासणी शॅकलकडे, म्हणजे २०१७ च्या त्या डब्ल्यूथ्रीसी शिफारशीकडे, जी समोर असलेला डेटा हेच सगळं जग मानून तपासते. आणि बेरीज-वजाबाकी या दोघांच्याही बाहेर, वेगळ्या गणनाथरात, कारण ओडब्ल्यूएलला रकमांची बेरीज करता येत नाही. नावे आणि जमा जुळल्या की नाही हेही तो थरच सांगेल.

१४ फेब्रुवारी

कालच्या बैठकीचा परिणाम: वेगळ्या संस्था वेगळ्याच आहेत हे स्पष्ट सांगणारी विधानं आता प्रत्येक नव्या नोंदीबरोबर आपोआप तयार होतात.

२४ फेब्रुवारी

एक्सबीआरएल टॅक्सॉनॉमीशी जोडणी. एक्सबीआरएल ही वित्तीय अहवाल यंत्राला वाचता यावेत म्हणून केलेली भाषा, आणि टॅक्सॉनॉमी म्हणजे अहवालातल्या संकल्पनांची तिच्यातली यादी. पुष्कळ जण विचारतात की एक्सबीआरएल असताना ऑन्टोलॉजी कशाला. चार्ल्स हॉफमन यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या या कामाने वित्तीय अहवालांत किती मोठा बदल घडवला ते मी कमी लेखणार नाही. प्रत्येक संकल्पनेला ती क्षणाची की कालावधीची, नावे बाजूची की जमा बाजूची हे गुणधर्म लावणं ही मोलाची गोष्ट आहे. पण टॅक्सॉनॉमी अहवालात काय दाखवायचं ते सांगते. ते का दाखवलं हा प्रश्न तिचा नाहीच.

तिच्यातल्या बेरजेच्या संबंधांची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ते एकाच संदर्भातल्या, म्हणजे त्याच तारखेच्या किंवा कालावधीच्या आकड्यांपुरते चालतात. "आरंभीची शिल्लक, अधिक भर, वजा विक्री, बरोबर अखेरची शिल्लक" हे लेखांकनातलं सगळ्यात ओळखीचं समीकरण त्यात बसत नाही, कारण आरंभीची शिल्लक वेगळ्या क्षणाची आणि भर कालावधीची. त्यासाठी २००९ मध्ये आलेल्या फॉर्म्युला विनिर्देशाकडे जावं लागतं. आमच्या मॉडेलमध्ये हे समीकरण हक्कांच्या जीवनक्रमातून सरळ निघतं: निर्माण झाले, बदलले, संपले.

जोडणी एकास-एक ठेवली नाही. आमची संकल्पना, भूमिका आणि अट या तिघांवरून टॅक्सॉनॉमीतला घटक ठरतो. याचा फायदा आयएफआरएस १८ मध्ये लगेच दिसला. एप्रिल २०२४ मध्ये आलेलं हे प्रमाणक १ जानेवारी २०२७ पासून आयएएस १ ची जागा घेतं आणि नफा-तोट्यातल्या बाबी परिचालन, गुंतवणूक, वित्तपुरवठा अशा प्रवर्गांत विभागतं. आम्हाला घटना आणि हक्कांना हातही लावावा लागला नाही. फक्त वरच्या थरात नवे नियम लिहिले. त्यातही परिचालन प्रवर्गाची व्याख्या "बाकीच्यांत न बसणारं सगळं" अशी आहे. खुल्या जगाच्या तर्काने हा प्रवर्ग कधीच भरणार नाही, कारण एखादी बाब दुसरीकडे बसत नाही हे तो सिद्धच मानणार नाही. १३ तारखेची वाटणी इथे कामी आली. हा प्रवर्ग बंद जगाच्या, म्हणजे समोरचा डेटा हेच सगळं जग मानणाऱ्या, थरात टाकला. बँकेचा व्याजखर्च परिचालनात आणि कारखान्याचा वित्तपुरवठ्यात, हा फरक संस्थेच्या मुख्य व्यवसायावरून ठरतो, तर तो संस्थेच्या भूमिकेला जोडला.

६ मार्च

आयएफआरएस १५ चा पहिला पूर्ण व्यवहार आज मॉडेलमधून वरपासून खालपर्यंत चालला.

करार: एक यंत्र आणि २४ महिन्यांची देखभाल, एकत्रित किंमत १,२००, सगळी रक्कम आगाऊ. सुटी घेतली तर यंत्राची किंमत १,२०० आणि देखभालीची ३००, म्हणजे एकूण १,५००. सवलत दोन्हींवर त्याच प्रमाणात वाटायची, म्हणून यंत्राला ९६० आणि देखभालीला २४०. यंत्र १ ऑक्टोबरला पोचलं, ताबा ग्राहकाकडे गेला, ९६० उत्पन्नात. देखभाल महिन्याला १०. वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, तेव्हा तीन महिन्यांचे ३०. एकूण उत्पन्न ९९०, उरलेले २१० दायित्व. नोंदी यंत्राने तयार केल्या, मॅडमनी तपासल्या, जुळल्या.

पण आकडा जुळणं आजच्या यशाचा छोटा भाग. "२१० का?" असं विचारलं आणि उत्तर साखळीने आलं: हे दायित्व देखभालीच्या वचनाचं, ते वचन अमुक करारातलं, त्याची किंमत सुट्या किमतींच्या प्रमाणात, सुट्या किमतींचा आधार अमुक दरपत्रक, पूर्तता काळाबरोबर, संपण्याची तारीख पुढल्याच्या पुढल्या सप्टेंबरची अखेर. पहिल्या दिवशी लिहिलेला प्रश्न सुटला.

साखळीत एक कडी वेगळ्या रंगात दिसते आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे. यंत्र आणि देखभाल ही दोन वेगळी वचनं आहेत हे कोणी ठरवलं? प्रमाणकाच्या २७ व्या परिच्छेदात कसोट्या आहेत: ग्राहकाला त्या वस्तू किंवा सेवेचा स्वतंत्रपणे किंवा सहज मिळणाऱ्या इतर साधनांबरोबर उपयोग होतो का, आणि करारातल्या इतर वचनांपासून ती वेगळी ओळखता येते का. कसोट्या लावतो माणूस. देखभाल इतकी खास असती की तिच्याशिवाय यंत्र चालूच शकत नाही, तर उत्तर वेगळं आलं असतं आणि ९६० हा आकडाही. म्हणून "निर्णय" हा वर्ग गाभ्यात घेतला. प्रत्येक निर्णयाला कर्ता, तारीख, लावलेला परिच्छेद, पाहिलेला पुरावा आणि विचारात घेऊन नाकारलेला पर्याय. हा शेवटचा गुणधर्म भरायला लोक कुरकुरतात. मी तो वगळू देणार नाही. दुसरा पर्याय का नाकारला हे लिहिलेलं नसेल, तर पाच वर्षांनी वाचणाऱ्याला तो निर्णय नियमासारखा दिसू लागतो.

१७ मार्च

तरतुदी, आयएएस ३७. इथे निर्णयाबरोबर अंदाज येतो आणि यंत्रावर सोपवण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो.

तरतूद करायची तर आजचं दायित्व हवं, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त हवी, आणि रकमेचा भरवसा ठेवण्याजोगा अंदाज हवा. शक्यतेचा आकडा रकान्यात भरला की पुढचं सगळं आपोआप, अशी सूचना आली. नाकारली. न्यायालयातल्या एका दाव्याबद्दल वकील "बाजू कमकुवत आहे" म्हणतो, तेव्हा त्याचं ५५ टक्के करून टाकणं म्हणजे मताला मोजमापाचा वेश चढवणं. मॉडेल प्रश्न विचारेल, माणूस उत्तर देईल, आणि उत्तर निर्णय म्हणून त्याच्या आधारासकट साठेल.

मोठ्या संख्येच्या बाबतीत मात्र गणिताला पूर्ण वाव आहे. विकलेल्या १,००० वस्तूंवर वॉरंटी आहे. अनुभव असा की ९० टक्क्यांत दोष निघत नाही, ८ टक्क्यांत किरकोळ दोष, दुरुस्तीला ५०, आणि २ टक्क्यांत मोठा, दुरुस्तीला ३००. अपेक्षित खर्च ४,००० अधिक ६,००० म्हणजे १०,०००. एकट्या दाव्याला हे सूत्र सहसा लावत नाहीत. तिथे सगळ्यात संभवनीय निकालापासून सुरुवात करून इतर शक्यतांचं भान ठेवतात. "एकाच प्रकारची अनेक दायित्वं" आणि "एकटं दायित्व" हा फरक म्हणून मॉडेलमध्ये वर्गांच्या पातळीवर आणला.

पुढच्या वर्षी मोठे दोष २ वरून ४ टक्क्यांवर गेले तर? आयएएस ८ प्रमाणे अंदाजातला बदल इथून पुढे लागू होतो, चुकीची दुरुस्ती मागे जाऊन करावी लागते. फरक एकाच गोष्टीत: ती माहिती तेव्हा उपलब्ध होती का, आणि ती मिळवून विचारात घेणं अपेक्षित होतं का. फेब्रुवारीत ठरवलेली "कळली कधी" ही तारीख इथे निर्णायक ठरली. कारखान्याच्या चाचणी अहवालाची तारीख मागच्या हिशेबाला मंजुरी मिळण्याआधीची निघाली की मॉडेल थांबतं आणि विचारतं. निकाल देत नाही. विचारतं.

२० मार्च

भाडेकरार, आयएफआरएस १६, अपेक्षेपेक्षा सोपे गेले. करारातून वापराचा हक्क आणि भाडं देण्याचं दायित्व. आमचा गाभा हेच बोलतो. १२ महिन्यांपर्यंतच्या करारांची सवलत मालमत्तेच्या वर्गानुसार निवडायची, कमी मूल्याच्या मालमत्तेची प्रत्येक करारापुरती. दोन्ही "सर्वसाधारण नियमावर मात करणारा अपवाद" म्हणून लिहिल्या. प्रत्येक अपवाद कोणत्या नियमावर मात करतो ते सांगणं सक्तीचं.

२८ मार्च

हिशेबाच्या मंडळींकडून ज्ञान कसं काढून घ्यायचं याबद्दल. "तुम्ही हे कोणत्या नियमाने करता?" असं विचारलं की प्रमाणकाचा परिच्छेद ऐकायला मिळतो, आणि तो तर आमच्याकडे असतोच. "दोन अनुभवी माणसांचं एकमत झालं नाही अशी एखादी केस सांगा" म्हटलं की खरं ज्ञान बाहेर येतं: कोण कोणत्या पुराव्याला वजन देतं, कुठे शंका घेतं, कोणत्या शब्दावर करार पुन्हा वाचतं.

चौकोन आणि बाणांच्या आकृत्या त्यांच्यासमोर ठेवणं आम्ही बंद केलं. प्रत्येक संकल्पनेला आता तीन वाक्यं: व्याख्या, बसणारं एक उदाहरण, आणि बसेल असं वाटून न बसणारं एक उदाहरण. तिसऱ्यावर सगळ्यात जास्त चर्चा होते. भाषा-मॉडेल वापरून प्रमाणकांतून संकल्पनांचे कच्चे मसुदे काढतो आहोत आणि वेळ वाचतो हे खरं. पण परिच्छेद क्रमांक आणि हिशेबतज्ज्ञाची मंजुरी यांशिवाय एकही संबंध मुख्य आलेखात जात नाही.

४ एप्रिल

मालसाठा. आयएएस २ खर्च मोजायला प्रथम-आगत-प्रथम-निर्गत किंवा भारित सरासरी यांची मुभा देतं, आणि एकमेकींच्या बदल्यात न चालणाऱ्या वस्तूंना ज्याचा-त्याचा खर्च लावायला सांगतं. ऑन्टोलॉजीच्या नजरेने या तीन पद्धती म्हणजे वस्तूच्या ओळखीबद्दलची तीन वेगळी मतं आहेत. ज्याचा-त्याचा खर्च लावताना प्रत्येक नगाला ओळख हवी. प्रथम-आगत-प्रथम-निर्गत पद्धतीत ओळख नगाला नाही, खरेदीच्या थराला: अमुक दिवशी अमुक भावाने आलेले शंभर. भारित सरासरीत थरही विरघळतो, उरतं ते प्रमाण आणि एक भाव. या शेवटच्या दोन पद्धती गोदामातल्या प्रत्यक्ष हालचालीशी बांधलेल्या नाहीत.

म्हणून भौतिक नग आणि खर्चाचा थर हे दोन स्वतंत्र वर्ग केले, मधला संबंध धोरणावरून ठरतो. आज एवढं पक्कं.

अडकलंय ते परत आलेल्या मालाशी. ग्राहकाने परत केलेला नग विकताना जुन्या थरातून गेला होता. तो थर आता रिकामा आहे. तो पुन्हा उघडायचा, की मूळ खर्चाचा नवा थर करून त्याला परतीची तारीख द्यायची? पहिल्यात मागच्या महिन्यांचा विक्रीखर्च पुन्हा मोजला जाण्याचा धोका, दुसऱ्यात थरांचा क्रम बदलतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे, मूळ थराशी दुवा ठेवून. मॅडमना परत आलेल्या मालाच्या जुन्या केसेस काढायला सांगितलंय, विशेषतः परतीच्या वेळी निव्वळ वसुली मूल्य (विक्रीतून खर्च वजा जाता हाती येईल ती रक्कम) मालाच्या खर्चाखाली गेलेल्या. सोमवारी त्या मॉडेलमधून चालवून मग ठरवू.